मुलीच्या कॉलेजच्या खर्चासाठी फायनान्शियल प्लॅनरकडे जावं का? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको, लिहू की नको चाललेलं, आज लिहितेच.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मिस्टरांचं कुपवाड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. मागच्या महिन्यात माझ्या जावेच्या भावाच्या मुलाचं ॲडमिशन झालं, अभिमत कॉलेजात, मॅनेजमेंट कोट्यातनं, आणि त्यासाठी त्यांनी माधवनगर रोडचा प्लॉट विकला. पेढे घेऊन आले तेव्हा बाहेर सगळे हसत होते पण त्या वहिनी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "प्लॉट धाकट्यासाठी ठेवलावता गं." एवढंच म्हणाल्या आणि परत बाहेर गेल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यातनं ते जाईना झालंय, कारण आमचीपण दोनच आहेत आणि आम्हीपण पहिलीच्या वेळी सगळं घालवून बसू असं सारखं वाटतंय.

आमच्याकडं काय आहे ते सांगते. सुकन्याचं खातं, २०१५ ला योजना आली त्याच वर्षी पोस्टात उघडलं, महिन्याला हजार भरतो, पासबुकात आज १ लाख ८२ हजार आहेत. तीन विमा पॉलिस्या. एका पतसंस्थेत ४ लाखांची एफडी. माझी दोन हजारांची भिशी. सोनं १२ तोळे, त्यातलं ५ सासूबाईंचं. सासऱ्यांची तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग आहे पण त्यात दोन दीर आणि आम्ही, त्यामुळं ती मी धरतच नाही.

एका मैत्रिणीने पुण्याच्या एका प्लॅनरचं नाव सुचवलं, ते व्हिडिओ कॉलवर सगळा प्लॅन करून देतात, फी १२ हजार. मिस्टर म्हणतात आपल्याकडं आहेच किती की त्याचं प्लॅनिंग करायला माणूस लावायचा, १२ हजार तिच्या खात्यात टाक. दुसरीकडं बँकेतली एक मुलगी फोन करकरून सांगतीय की मॅडम आम्ही फुकट प्लॅनिंग करून देतो. मला खरंच कळेना. कुणी गेलंय का अशा माणसाकडं? आपल्यासारख्या बेताच्या कमाईच्या घराला त्याचा उपयोग होतो का?

द्राक्षबागायतदार_तासगाव

ताई राग मानू नका, पण गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. माझी दोन्ही पोरं शिकली, थोरला मेकॅनिकल, धाकटी बी फार्म, कुठल्या प्लॅनरला एक रुपया दिला नाही. ही माणसं पहिला प्रश्न विचारतात महिन्याला किती शिल्लक राहते. आमच्याकडं महिना नसतोच, बेदाण्याचा सौदा झाला की पैसा, नाहीतर बिनपैशाचं. एका वर्षी दर चांगला, पुढच्या वर्षी अवकाळीनं बाग धुऊन नेली. त्यांना ते कागदावर बसवता येत नाही.

मी एकच केलं, सौद्याची पट्टी हातात पडली की मार्केट यार्डातनं घरी यायच्या आधी बँकेत जायचं आणि पोरांच्या नावाचा हिस्सा एफडीला टाकायचा, घरी आणायचाच नाही. घरी आलेला पैसा औषधाला जातो, मजुराला जातो, पाव्हण्याला जातो. ही शिस्त पाळली की झालं.

मिरज_पुणे_मिरज

दादांची शिस्त लाख मोलाची आहे, पण ताईंचा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्यांच्याकडं पैसे पाच ठिकाणी विखुरलेत आणि कुठला पैसा कशासाठी हेच ठरलेलं नाही. दादांनी ते स्वतःच ठरवलं म्हणून त्यांना कुणाची गरज पडली नाही.

ताई, आधी एक फरक समजून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. "प्लॅनर" अशी पाटी कुणीपण लावतो. तुम्ही दोन गोष्टी विचारायच्या. एक, तुमचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी नंबर काय. इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर म्हणून सेबीकडे नोंद असेल तर नंबर आयएनए ने सुरू होतो, २०१३ च्या नियमांखाली ही नोंदणी होते. ही माणसं फी तुमच्याकडनं घेतात आणि तुम्हाला दिलेल्या सल्ल्यावर कमिशन घेऊ शकत नाहीत. दुसरा प्रकार म्युच्युअल फंड वितरक, त्यांच्याकडे एआरएन नंबर असतो, ते तुमच्याकडनं फी घेत नाहीत कारण त्यांना फंड कंपनीकडनं कमिशन मिळतं. वितरक वाईट असतात असं अजिबात म्हणत नाही, माझ्या मामांचा वितरक २०२० च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा रोज फोन करून एसआयपी, म्हणजे फंडातला महिन्याचा ठरलेला हप्ता, बंद करू नका म्हणून सांगत होता, त्याचे उपकार आहेत. पण "फुकट" काही नसतं हे लक्षात ठेवा. त्यांच्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनचा खर्च, थेट फंड कंपनीकडनं घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनपेक्षा साधारण अर्धा ते एक टक्का जास्त असतो, आणि तो दरवर्षी जातो. १० लाख जमले असतील तर वर्षाला ५ ते १० हजार. फी एकदा डोळ्याला दिसते, हे दिसत नाही, एवढंच.

सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत सल्लागारांची यादी आहे, नंबर तिथं टाकून नाव जुळतंय का बघा. फी रोख मागितली तर उठून या, नियमानं ती चेक, बँक ट्रान्सफर, यूपीआय अशीच द्यायची असते. आणि लेखी करार आधी. "इतके टक्के गॅरंटीड" हे शब्द आले की पुढचं ऐकूच नका.

शिवाजीनगर_सांगली

बँकेतल्या फुकटच्या प्लॅनिंगबद्दल माझा अनुभव सांगतो म्हणजे ताईंना उपयोग होईल. बँकेचं नाव सांगत नाही. २०१७ ला मी एफडी करायला गेलो होतो, ऊसबिलाचे पैसे आले होते. मॅनेजरच्या केबिनशेजारी बसणाऱ्या मॅडमनी चहा मागवला, पोराचं नाव विचारलं, कितवीत आहे विचारलं, आणि म्हणाल्या सर एफडीपेक्षा हे चाइल्डचं बघा. फॉर्मवर आधीच पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या, सही इथं, इथं, इथं. मी समजलो एकदाच ५० हजार. ते वर्षाला ५० हजार निघालं, बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी. दोन वर्षं भरलं, तिसऱ्या वर्षी बाप आजारी पडला, जमलं नाही. पैसे मागायला गेलो तर पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हातात मिळत नाहीत म्हणाले, आणि त्या मॅडमची तोपर्यंत बदली झालेली. नियम त्यांचा बरोबरच होता, कागदात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. पण ज्या बाईनं मला पोराचं नाव विचारलं तिनं हे तोंडी सांगायला पाहिजे होतं असं मला आजपण वाटतं.

१२ हजार त्यावेळी कुणाला तरी दिले असते तर बरं झालं असतं. कुणी नसेल तर निदान सही करायच्या आधी कागद घरी आणून एक रात्र ठेवा.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

कृष्णाकाठची ताई, मी साताऱ्याची. माझी मुलगी आत्ता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून ताजं ताजं सांगते. प्लॅनरकडं जा नाहीतर नका जाऊ, त्याच्या आधी दाखल्यांसाठी सेतू केंद्रात जा.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. आधी हे ५० टक्के होतं. पण, आणि हे पण नीट वाचा, प्रवेश कॅप राउंडमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा नाही चालत, खाजगी अभिमत विद्यापीठ नाही चालत, स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठ नाही चालत. म्हणजे तुमच्या त्या पाहुण्यांनी जिथं प्लॉट घातला तिथं त्यांना मुलगी असती तरी काही मिळालं नसतं. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या) थोड्या राखीव जागा असतात, त्याला ट्यूशन फी माफ, तिथंपण ८ लाखांचीच मर्यादा, पण मेरिट खूप वर लागतं.

आमच्या वेळी काय झालं सांगते. मुलीला पर्सेंटाइल चांगले पडले, यादीत नाव लागलं, आणि आमच्याकडं उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. नवीन दाखल्यासाठी सेतूत गेले तर जुलै महिना, अख्खा जिल्हा रांगेत. सकाळी साडेआठला नंबर लावला, साडेअकराला सर्व्हर बंद. माझ्या मागं खटावची एक आई होती, ती पहाटेच्या एसटीनं आलेली, मुलीचा हात घट्ट धरून उभी. दुपारी तीनला मला पावती मिळाली, तिचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारायला पाहिजे होतं. म्हणून सांगते, दाखले उन्हाळ्यातच काढून ठेवा, जातीचा, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्न, अधिवास सगळं. जात पडताळणी अकरावीतच टाका. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार आकडा असतो, लोकांच्या तोंडचे आकडे धरू नका.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे मुलींना फी माफ एवढं कानावर होतं पण कॅपची अट नाही. आमचा ओबीसीचा दाखला आहे, नॉन क्रिमीलेयर काढलेलं नाही. आणि दोघांचं मिळून उत्पन्न साधारण ७ लाख ६० हजार होतं. म्हणजे आत्ता बसतंय पण माझी एक वेतनवाढ आणि त्यांची दोन मोठी कामं आली की ८ च्या वर. कमाई वाढली तर फी माफी जाणार, ह्याचं काय करायचं?

आणि सुकन्यामधले १ लाख ८२ हजार आणि पुढचे तीनचार वर्षांचे असे धरून मी अडीच लाखांचा हिशोब केलाय, तो बरोबर आहे ना?

निवृत्त_शाखाधिकारी_विश्रामबाग

ताई, सुकन्याचा हिशोब अर्धा धरा. मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण आधीच्या आर्थिक वर्षाअखेर जी शिल्लक असेल तिच्या ५० टक्क्यांपर्यंतच, आणि तेही प्रवेशाचा आणि फीचा पुरावा दाखवून, लागेल तेवढेच. एकदम काढा किंवा वर्षाला एकदा असं पाच वर्षं काढा. खातं उघडल्यापासून १५ वर्षं भरायचं आणि २१ वर्षांनी पूर्ण होणार, म्हणजे तुमचं २०३६ ला. तोवर मुलीचं शिक्षण संपलेलं असणार. योजना फार चांगली आहे, सध्या ८.२ टक्के व्याज आणि ते करमुक्त, चालूच ठेवा. फक्त कॉलेजसाठी तुमच्या अडीच लाखांतले सव्वाएक लाखच येतील हे आजच कळलेलं बरं. बँकेत मी कितीतरी आईवडील बघितलेत ज्यांना हे काउंटरवर कळलं.

आता दुसरं. पतसंस्थेतले ४ लाख. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. आपल्या जिल्ह्यात चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत, मी कुणाला घाबरवत नाही, पण पोरीच्या शिक्षणाचा सगळा रोकड पैसा एकाच पतसंस्थेत नको.

आणि शैक्षणिक कर्जाला लोक फार भितात, त्याबद्दल लिहितो. ४ लाखांपर्यंत मार्जिन नाही, म्हणजे आपला हिस्सा घालावा लागत नाही, तारण नाही, आई किंवा वडील सहकर्जदार. साडेसात लाखांच्या आत सहसा घरदार तारण मागत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, त्यात ठरलेल्या दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तर बिनतारण, बिनजामीन कर्ज, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के सवलत. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो.

पण हप्ता उशिरा म्हणजे व्याज उशिरा नव्हे. समजा वर्षाला दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, दर १० टक्के धरू. काहीच भरलं नाही तर पाचव्या वर्षाअखेर नुसतं व्याज २ लाख १० हजार होतं, पहिल्या दीड लाखाचं पाच वर्षांचं, दुसऱ्याचं चार, असं. म्हणजे मुलगी नोकरीला लागते तेव्हा डोक्यावर ८ लाख १० हजार आणि दहा वर्षांचा हप्ता १० हजार ७०० च्या आसपास. त्याऐवजी हप्ता सुरू होईपर्यंत तेवढं व्याज भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे, चौथ्या आणि पाचव्या वर्षी महिना ५ हजार, तर मूळ ६ लाखच राहतात आणि हप्ता ७ हजार ९०० वर येतो. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सूटपण देतात. तीस वर्षांच्या नोकरीत हे मी गिऱ्हाइकाला काउंटरवर समजावून सांगत आलो, कुणी वेळ देऊन ऐकलं की पटतं.

८ लाखांच्या मर्यादेबद्दल, उत्पन्न वाढू नये म्हणून काम नाकारू नका आणि कागदावर कमी दाखवायचा विचार तर मनात आणू नका. माफी मिळाली तर तेवढं कर्ज कमी घ्यायचं, नाही मिळाली तर कर्जाची तयारी असायची, असे दोन आकडे घेऊन बसायचं.

कोयनाकाठचा

मी मुलगा म्हणून लिहितोय, आईवडिलांच्या बाजूचे सगळे लिहितायत. मी २०१९ ला पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, आता नोकरी करतो आणि माझं कर्ज मीच फेडतोय. आमच्या घरात फीचं गणित केलं होतं पण राहण्याचं नाही केलं. मेसचे महिना साडेतीन हजार, खोलीचे चार, डिपॉझिट वेगळं, लॅपटॉप, जाणंयेणं, चार वर्षांत हे फीच्या जवळ जाऊन पोचलं. बाबांनी ते कुठनं आणलं मला माहीत नव्हतं. दिवाळीला घरी आलो तेव्हा गोठ्यात दोन म्हशी कमी होत्या. मी विचारलं तर म्हणाले आटल्यावत्या म्हणून विकल्या.

मला आकडा सांगितला असता तर मी घरून जाऊन येऊन करता येईल असं कॉलेज निवडलं असतं, कराडचं गव्हर्नमेंट होतं की, १९६० पासूनचं कॉलेज, माझा नंबरपण लागत होता, पुण्याच्या नादात सोडलं. म्हणून काकू, प्लॅनर असो नसो, मुलीला त्या बैठकीला बसवा.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

कोयनाकाठच्या भावा, डोळ्यात पाणी आलं वाचून.

सोन्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या साताऱ्यात लहानपणापासून ऐकत आलो की कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात पोरांना खायला काही नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मी रयतच्याच शाळेत शिकले, त्यामुळं शिक्षणासाठी सोनं मोडायला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण त्यांच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. आपल्यापुढं माफी आहे, शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, कर्ज आहे. आधी ते सगळं करून बघावं, सोनं शेवटी. सासूबाईंचं ५ तोळे तर जपाच.

द्राक्षबागायतदार_तासगाव

काकांचा व्याजाचा हिशोब वहीत उतरवून घेतला. हे मला थोरल्याच्या वेळी कुणी सांगितलं नाही, आम्ही सगळं व्याज साठू दिलं. तेवढं मात्र मान्य करतो.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पण सगळं नीट सांगते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढ्या आपलेपणाने लिहिलंत.

आम्ही गेलो. म्हणजे व्हिडिओ कॉलवर बसलो. मिरजकर दादांनी सांगितलं तसं आधी आयएनए नंबर मागितला, सेबीच्या यादीत नाव बघितलं, करार मेलवर आला, फी यूपीआयने दिली. त्यांनी आधीच सगळे कागद मागवले होते. आमची फाइल म्हणजे काय सांगू, २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, पॉलिसीचे बॉण्ड भिजले होते, ते मी तेव्हा एकेक पान सुटं करून इस्त्रीने वाळवलेले. शाई पसरलीय, पानं कडक झालीत, कपाट उघडलं की अजून गाळाचा वास येतो. ती फाइल मी सहा वर्षं उघडलीच नव्हती, वाळवली आणि ठेवून दिली. फोटो काढायला उघडली तेव्हा पहिल्यांदा वाचली. मिस्टरांच्या लग्नाआधीच्या पॉलिसीवर नॉमिनी अजून सासूबाई आहेत. त्या २०२१ ला गेल्या.

रविवारी सकाळी दिवाणावर लॅपटॉप ठेवून आम्ही तिघं बसलो, मुलगीपण, कोयनाकाठच्या भावाचं ऐकून. प्लॅनर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. गुंतवणुकीचं त्यांनी पहिला अर्धा तास नावच काढलं नाही. कमाई किती, खर्च किती, मग म्हणाल्या देणं किती. मी म्हटलं काही नाही, घराचं कर्ज २०२२ ला संपलं. आणि मिस्टर गप्प. हातात स्टीलचं भांडं होतं ते गोल गोल फिरवत होते. मग म्हणाले, "तीन लाख वीस हजार आहे." मागच्या वर्षी नवीन वेल्डिंग सेट आणि कटिंग मशीन घेतलं त्याचं, पतसंस्थेचंच कर्ज, १३ टक्क्यांनी. मला वाटत होतं ते ॲडव्हान्समधनं घेतलंय. मला सांगितलं नव्हतं, मला टेन्शन नको म्हणून.

मला राग आला का, तर हो आला, पण मुलगी शेजारी होती आणि ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सगळे आकडे लिहून घेत होती, तिनं तोही लिहिला आणि वर न बघता म्हणाली, "मग पप्पा, एफडी त्याच पतसंस्थेत का ठेवलीय?" त्या बाई म्हणाल्या मी हेच विचारणार होते. एफडीवर साडेआठ टक्के मिळतायत आणि तिथंच कर्जाला १३ भरतोय. एफडीतनं कर्ज फेडलं तर वर्षाला १४ हजार ४०० वाचतात. फी १२ हजार होती. मिस्टर हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले हे बरोबर आहे.

बाकीचं थोडक्यात. घराबाहेर राहून चार वर्षांचा खर्च आज १० लाख धरला, मुलीच्या वेळेपर्यंत ८ टक्क्यांनी साडेतेरा होतो, मुलाच्या वेळेपर्यंत, आठ वर्षांनी, साडेअठरा. एवढं आपल्याकडं जमणार नाही हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि मला उलट बरं वाटलं, कारण मी मनात २५ लाख की ५० लाख असा आकडाच नसलेला धोंडा घेऊन फिरत होते. मुलीला चारच वर्षं राहिलीत म्हणून तिचे पैसे शेअर बाजारात अजिबात नाहीत, कर्जाचा हप्ता सुटला की ते पैसे बँकेत आरडीला, माझी भिशी संपली की ते पण तिकडं. मुलाच्या नावाने ३ हजारांची एसआयपी, आठ वर्षांत साडेचार लाख होतील न होतील, बाजारावर आहे, असं स्पष्ट बोलल्या. फरक पडेल तो शैक्षणिक कर्जाने भरायचा आणि शिकत असताना व्याज आम्ही भरायचं, काकांनी सांगितलं तसंच. मिस्टरांवर विमा सगळा मिळून ६ लाखांचा आहे, तो फारच कमी, टर्म विमा (नुसत्या जिवाच्या जोखमीचा) घ्यायला सांगितलंय. पॉलिस्यांपैकी एक वर्षाला २४ हजार, २० वर्षं भरून शेवटी सव्वाआठ लाख देणारी, ती ५ टक्क्यांच्या आसपास पडते म्हणाल्या, पण १४ वर्षं भरून झालीत म्हणून आता मोडू नका, पूर्ण करा. मोडा म्हणाल्या असत्या तर मला शंका आली असती.

मुलीला काय व्हायचंय विचारलं तर ती म्हणाली अजून ठरलं नाही, पण इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला लागलं तर घरून सायकलने जाता येईल. एवढंच. सोन्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

नॉन क्रिमीलेयरचे कागद सेतूत दिलेत.

द्राक्षबागायतदार_तासगाव

ताई, वाचलं. मी अजूनपण म्हणतो की एफडी आणि कर्ज एकाच ठिकाणी आहे हे घरात बसून कळायला पाहिजे होतं, त्याला १२ हजार कशाला. पण घरात बसून ते बोललं जात नव्हतं हेपण खरं आहे, आणि आमच्याकडं तरी कुठं सगळं बोललं जातंय. बायकोला आज पट्ट्यांची फाइल दाखवतो.

निवृत्त_शाखाधिकारी_विश्रामबाग

उत्तम झालं. ताई, एक काम लगेच करा. एफडीची मुदत कधी संपतीय बघा. पतसंस्थेत बऱ्याचदा मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होतं, मग मध्ये मोडली की व्याज कापतात. मुदतीआधीच लेखी अर्ज द्या की नूतनीकरण नको, रक्कम अमुक कर्ज खात्यात वर्ग करा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. कर्ज मुदतीआधी फेडायला काही आकार आहे का तेही विचारा. फेडल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, घेतल्याशिवाय उठू नका, मशीन तारण असेल तर तो बोजा कमी केल्याचं पत्रपण.

कृष्णाकाठची

काका, आत्ता पावती बघितली, येत्या १९ तारखेला संपतीय. बरं झालं सांगितलंत. अर्ज मुलीकडनं लिहून घेतला, अक्षर तिचं चांगलं आहे, सही मिस्टरांची. उद्या शाळेत जायच्या आधी दहाला पतसंस्थेत जाऊन देते. दोन प्रती घेतल्यात.